छोटं इंजिन, सहा माणसं आणि कुंभार्ली घाट

प्रश्न: आम्ही धायरीत राहतो. माझं औषधांचं दुकान आहे. घरात सहा माणसं: आम्ही दोघं, सासू-सासरे, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. गाडी मीच चालवते, यांना आवड नाही. सध्या २०१२ ची वॅगन-आर आहे. गाव चिपळूणजवळ, वाटेत कुंभार्ली घाट. गणपती, शिमगा, मे महिना, शिवाय एखादं लग्नकार्य, असं वर्षातून चार-पाच वेळा जाणं होतं. वॅगन-आरमध्ये आम्ही पाच जण बसतो आणि सासरे ‘मला एसटी फुकट आहे’ म्हणून स्वारगेटवरून वेगळे येतात. ते आता ७६ वर्षांचे आहेत, मला हे बरं वाटत नाही. सात सीटची रेनो ट्रायबर बघून आले, बजेटमध्ये बसते. पण धाकटे दीर म्हणतात, ‘वहिनी, हजार सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन, रिक्षा आहे ती. भरलेली गाडी कुंभार्ली चढणार नाही, दोन वर्षांत इंजिन बसेल. त्यापेक्षा एर्टिगा सीएनजी घ्या.’ शोरूमवाला म्हणतो, ‘मॅडम, काही टेन्शन नाही.’ खरं कोणाचं? आणि ऑटोमॅटिक घ्यावी का?
– एक वाचक, पुणे

ताई, आधी निकाल सांगतो. ट्रायबर घ्या, मॅन्युअल घ्या, आणि मागच्या रांगेतली एक खुर्ची काढून घरी ठेवा. आता कारणं सांगतो, कारण दिरांना उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

सुरुवात तुमच्याच गाडीपासून करू. २०१२ च्या वॅगन-आरचं इंजिन ९९८ सीसीचं, तीन सिलेंडरचं, ६८ हॉर्सपॉवरचं. ट्रायबरचं ९९९ सीसीचं, तीन सिलेंडरचं, ७२ हॉर्सपॉवरचं. म्हणजे दिरांना ज्या इंजिनाची भीती वाटते, तसलंच इंजिन घेऊन तुम्ही इतकी वर्षं पाच माणसांनिशी कुंभार्ली चढताय. तेव्हा ‘चढेल का’ हा प्रश्न तुमच्यापुरता सुटलेला आहे. राहिला प्रश्न किती दमेल आणि तुम्हाला किती दमवेल, एवढाच.

तो सीसीवरून सुटत नाही. भरलेल्या गाडीचं वजन आणि इंजिनाची ताकद यांची सांगड घालावी लागते. चार मोठ्यांचे सरासरी ६५ किलो धरले तर २६०. मुलगी ४५, मुलगा २५. सामान ६०. एकूण ३९० किलो. ट्रायबर रिकामी साडेनऊशे किलोच्या आसपास, म्हणजे तुम्ही सगळे बसल्यावर १,३४० किलो. टनामागे हॉर्सपॉवर काढली तर येते ५४. आता वॅगन-आर, रिकामी ८८० किलोच्या आसपास. त्यात सासरे नाहीत म्हणून ३२५ किलो धरू. टनामागे ५६. म्हणजे सासऱ्यांना एसटीतून उतरवून गाडीत घेतल्यावर गाडी जड वाटेल, पण फरक पडेल तो टनामागे दोन हॉर्सपॉवरचा.

आणि दिरांची एर्टिगा सीएनजी? तिचं इंजिन १,४६२ सीसीचं, म्हणजे जवळजवळ दीड लिटरचं, नावाला दीडपट. पेट्रोलवर ती १०३ हॉर्सपॉवर देते, सीएनजीवर ८८. टाकीसकट ती रिकामी साडेबाराशे किलोच्या घरात जाते. त्यात तुमचे ३९० घाला आणि भागाकार करा. टनामागे ५४. ट्रायबरइतकेच! टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, बघितला तरी ट्रायबरचा ९६ न्यूटन-मीटर आणि एर्टिगा सीएनजीचा १२१.५, वजनाने भागले की दोन्ही शेजारी शेजारी येऊन बसतात. ही एर्टिगा महाराष्ट्रभर टॅक्सी म्हणून धावते, सगळे घाट चढते आणि तिला कोणी रिक्षा म्हणत नाही. हा भागाकार दिरांसमोर कागदावर करून दाखवा. तोंडी सांगितलं तर ‘अहो वहिनी, पण दीड लिटर ते दीड लिटर’ असं ऐकावं लागेल.

तीन सिलेंडरच्या टोमण्याचंही उरकून टाकतो. स्कोडाने २०१६ मध्ये युरोपातल्या ऑक्टाव्हियाला एक लिटरचं तीन सिलेंडरचं टर्बो इंजिन (जास्त हवा दाबून भरून ताकद वाढवलेलं) बसवलं, ११५ हॉर्सपॉवरचं. ऑक्टाव्हिया ही काही लहान गाडी नव्हे. आपल्याकडची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगून याच जातीच्या इंजिनावर चालतात. सिलेंडर तीन असले की गाडी उभी असताना स्टिअरिंगला थोडी थरथर जाणवते, आवाज जरा खरखरीत येतो. तुम्हाला तो वॅगन-आरमुळे सवयीचा आहे. ताकदीचा आणि सिलेंडरच्या संख्येचा थेट संबंध जोडू नये.

मात्र या टर्बो इंजिनांत आणि ट्रायबरच्या इंजिनात मोठा फरक आहे, तो शोरूमवाला आपणहून सांगणार नाही. ट्रायबरला टर्बो नाही. त्याच कंपनीच्या पाच सीटच्या कायगरला टर्बो मिळतो: तितक्याच सीसीत १०० हॉर्सपॉवर आणि १६० न्यूटन-मीटर. सात सीटच्या गाडीला खरं तर त्याची गरज जास्त, पण तिथे तो दिलेला नाही. टर्बो नसल्याचा एक फायदा आहे, इंजिन साधं आणि कामाला स्वस्त. एक तोटा आहे, पूर्ण टॉर्क इंजिन जोरात फिरल्यावरच मिळतो. ९६ न्यूटन-मीटर हा पूर्ण टॉर्क ३,५०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ३,५०० फेरे घेतं तेव्हा, येतो. घाटातला सगळा खेळ या एका आकड्यावर आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

समजा, शंभर मीटर रस्त्याला सहा मीटर चढ आहे आणि तुमची १,३४० किलोची गाडी चाळीसच्या वेगाने चढते आहे, एसी चालू आहे. चढ, टायरचं घर्षण, वारा, एसी आणि गिअरबॉक्समध्ये वाया जाणारं धरून इंजिनाकडून साधारण २१-२२ हॉर्सपॉवर लागते. साठने चढायचं तर ३२ च्या आसपास. आता इंजिनाकडे बघा. आरपीएमचा काटा २,००० वर असताना हे इंजिन अगदी पूर्ण टॉर्क देतं असं मानलं तरी ताकद भरते २७ हॉर्सपॉवर, प्रत्यक्षात त्याहून कमीच. ३,५०० वर तीच ४८ होते. म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये काटा दोन हजारावर रेंगाळत असेल तर गाडी कशीबशी चढते, पुढच्या टेम्पोला ओलांडायला हातात काही उरत नाही. दुसरा टाकला की तेच इंजिन दीडपट ताकद काढतं. ‘गाडीला पिकअपच नाही’ म्हणणारे निम्मे लोक चुकीच्या गिअरमध्ये असतात, हे माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे इंजिनाचा आवाज चढला की गाडीला त्रास होतोय असं शेजारी बसलेल्याला वाटतं आणि तो ‘अगं, गिअर टाक की’ म्हणतो. तुमच्याकडे हे काम कोण करतं ते मला माहीत नाही. पण घाटाच्या पायथ्याची पोफळी सोडून चढ लागला की काटा ३,००० ते ४,५०० च्या मधे ठेवायचा आणि आवाज होऊ द्यायचा. पेट्रोल इंजिन त्यासाठीच बनवलेलं असतं. त्याला खरा त्रास होतो तो उलट केल्यावर: वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून रेटलं की. गाडी गुरगुरते, धक्के देते, आतून टकटक येते. हे रोज केलं तर दीर म्हणतात तसं इंजिन खरंच लवकर बसेल, आणि ते दीड लिटरचं असलं तरी बसेल.

इंजिनाच्या आधी बसते ती क्लच प्लेट. भरलेल्या, हलक्या इंजिनाच्या गाडीचा हा नाजूक भाग आहे आणि शोरूममध्ये याबद्दल कोणी बोलत नाही. कुंभार्लीचं एखादं वळण डोळ्यांसमोर आणा. पुढे मालाने भरलेला ट्रक, तो वळण घ्यायला पूर्ण रस्ता व्यापतो, वरून एसटी येते आणि सगळे थांबतात. तुमची गाडी चढावर, नाक वर. ट्रक हलतो, फूटभर जातो, पुन्हा थांबतो. अशा वेळी बरेच जण हाफ क्लचवर गाडी तरंगत ठेवतात. अर्धा मिनिट ठेवली की जळका वास येतो आणि मागून सासूबाई विचारतात, ‘काही जळतंय का गं?’ उपाय जुनाच आहे. हँडब्रेक ओढा, क्लच सोडा, पाय मोकळा ठेवा. ट्रक दोन गाड्यांएवढा पुढे जाऊ द्या, मग पहिल्यात एकदाच उचला. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. हिल स्टार्ट असिस्ट असलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या. ते गाडी दोन-तीन सेकंदच धरून ठेवतं, पण तेवढे पुरतात.

तुमच्या रस्त्याची एक गंमत आहे आणि ती तुमच्या विरोधात जाते. पुण्याहून चिपळूणला जाताना कुंभार्ली उतरायचा असतो. तो चढायचा परत येताना. जाताना बॅगा असतात. येताना बॅगा असतात, शिवाय मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, तांदळाचं पोतं, नारळ, आणि ‘एवढा एक फणस न्याच’ म्हणून कोणीतरी डिक्कीत ठेवलेला दहा किलोचा फणस. तेव्हा मी धरलेले ६० किलो परतीला सहज १०० होतात. कंपनीने ठरवलेलं भरलेल्या गाडीचं कमाल वजन, ग्रॉस वेट, आरसीवर छापलेलं असतं, ते एकदा बघून ठेवा. टायरमध्ये हवा भरताना ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ‘फुल लोड’चा वेगळा आकडा असतो. गावाला निघायच्या आदल्या दिवशी तोच भरायचा. नेहमीच्या हवेवर भरलेली गाडी जड चालते, टायर तापतात आणि वळणावर मागून लोळल्यासारखी होते. मग दोष इंजिनाला मिळतो.

उतारालाही छोट्या इंजिनाचा विचार करावा लागतो, कारण इंजिन जितकं लहान तितकी ते गाडी कमी धरून ठेवतं. कुंभार्ली उतरताना दुसरा गिअर ठेवा, ब्रेक मधूनमधून दाबून सोडा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवायची कल्पना तुमच्या डोक्यात येणार नाही अशी आशा करतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार तुमच्या घराजवळच आहे, तिथे न्यूट्रलवर सोडलेल्या ट्रकांनी काय केलं ते तुम्ही पेपरात वाचलेलंच असेल.

आता ते खुर्चीचं. ट्रायबरच्या बाबतीत माझी खरी काळजी इंजिनाची नाहीच, डिक्कीची आहे. सातही सीट लावल्या की डिक्की उरते ८४ लिटर. म्हणजे दोन-तीन ऑफिसच्या बॅगा आणि पाण्याची बाटली. सात माणसं घेऊन कोकणात जाणाऱ्यांच्या टपावर कॅरिअर येतो तो यामुळे. कॅरिअरवर ताडपत्री बांधलेली गाडी वारा अडवते, वळणावर डोलते, पेट्रोल पिते, आणि इंजिन छोटं असलं की हायवेवर ते लगेच जाणवतं. पण ट्रायबरच्या तिसऱ्या रांगेत दोन वेगवेगळ्या खुर्च्या आहेत आणि त्या सुट्या निघतात. एक काढली की सहा सीट राहतात आणि डिक्की होते ३२० लिटर. तुम्ही बरोबर सहा. बाजारातल्या इतर कुठल्याही सात सीटच्या गाडीपेक्षा ही सोय तुमच्या घराला जास्त फिट बसते. दोन्ही खुर्च्या काढल्या तर डिक्की ६२५ लिटरची होते, दुकानाचा माल आणायला ती उपयोगी पडेल.

सासू-सासरे मधल्या रांगेत, त्यांच्याबरोबर मुलगा. मुलगी मागच्या एका खुर्चीवर. तेरा वर्षांच्या मुलीला स्वतंत्र खुर्ची आणि स्वतःचा एसीचा झोत मिळाल्यावर ती तक्रार करेल असं वाटत नाही. फक्त तिच्या शेजारचं सामान पट्ट्याने बांधा. जोरात ब्रेक लागला तर तांदळाचं पोतं कोणाचं ऐकत नाही. सासऱ्यांना मागे पाठवू नका. तिथे जायला वाकून, सीट पुढे सरकवून चढावं लागतं, आणि ७६ व्या वर्षी त्यापेक्षा ते स्वारगेटलाच जातील.

पेट्रोलची एर्टिगा चांगली नाही का? चांगली आहे, आणि हे तुमच्यापासून लपवणार नाही. तुमच्या भरलेल्या वजनाला तिचे टनामागे ६६ हॉर्सपॉवर येतात, हा फरक घाटात पायाला कळतो. चौथ्यात जिथे ट्रायबर मान टाकते तिथे एर्टिगा ओढत राहते. मागची डिक्कीही सातही सीट लावून २०९ लिटर मिळते. पण किमतीतलं अंतर मोठं आहे आणि त्यातला बराचसा भाग सरकारच्या खिशात जातो. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना करात सूट मिळाली, तेव्हापासून कंपन्या मोजपट्टी घेऊन गाड्या बनवतात. ट्रायबरची लांबी ३.९९ मीटर हा योगायोग नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापात बसणाऱ्या गाडीला जीएसटी १८ टक्के आणि मापाबाहेरच्या एर्टिगाला ४० टक्के. त्यावर पुन्हा आपल्या आरटीओचा कर किमतीच्या टक्केवारीत, म्हणजे महाग गाडीला तोही जास्त. वर्षातल्या चार-पाच खेपांसाठी हे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. उरलेले दिवस तुम्ही धायरी ते दुकान, मुलांची शाळा आणि मंडई, एकट्या किंवा दोघी-तिघी फिरणार. तिथे लहान इंजिन आणि चार मीटरची गाडी हीच सोय आहे. धायरी फाट्यावर संध्याकाळी सात वाजता मोठ्या इंजिनाचा काही उपयोग नसतो.

तुमची नणंद, तिचे यजमान आणि मुलं दर महिन्याला तुमच्याबरोबर गावाला येणार असतील, तर मात्र मी माझा सल्ला फिरवेन. सात मोठी माणसं, टपावर कॅरिअर आणि कुंभार्ली हे ट्रायबरला दर महिन्याला सांगायचं काम नव्हे. तेव्हा कर्ज थोडं वाढवून पेट्रोलची एर्टिगा, नाहीतर चांगली वापरलेली. सीएनजीची नको. तिच्या टाकीने तिसऱ्या रांगेमागची डिक्की खाल्लेली असते, आणि घाटातली ताकद तर वर बघितलीच. ट्रायबरलाही सीएनजी कीट बसवून मिळते, पण ७२ मधून आणखी काही वजा करायला जागा नाही. तुमचं वर्षाचं रनिंग बघता कीटचे पैसे सुटायलाही वेळ लागेल.

ॲव्हरेजचंही थोडं सांगतो. छोटं इंजिन म्हणजे कमी पेट्रोल हे गाडी हलकी असताना खरं. सहा माणसं भरून, दुसऱ्या-तिसऱ्यात चार हजारावर चढवलीत तर त्या दिवशी ट्रायबरचं ॲव्हरेज एर्टिगाच्या जवळ येऊन बसेल. कंपनीने सांगितलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो. गावाहून आल्यावर टाकी रिकामी बघून घाबरू नका. शहरातल्या रोजच्या चालवण्यात ते भरून निघतं. आणि इंजिन ऑइल वेळेवर बदला. ‘दहा हजार झाले नाहीत अजून’ म्हणत दोन वर्षं काढणारे असतात. किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते.

गाडी बुक करण्याआधी एक काम करा. शोरूमवाला तुम्हाला एकट्या बसवून सिंहगड रोडवर दहा मिनिटं फिरवून आणेल. ती टेस्ट ड्राइव्ह तुमच्या कामाची नाही. रविवारी सकाळी सगळे सहा जण जा. दीर येतो म्हणाले तर त्यांनाही न्या, वजनाला उपयोगी पडतील. गाडी जुन्या कात्रज घाटात न्यायची, नव्या बोगद्याकडे नाही. भिलारेवाडीपासून जुन्या बोगद्यापर्यंतचा चढ कुंभार्लीपेक्षा छोटा आहे, पण वळणं खरी आहेत. एसी पूर्ण चालू ठेवा. चढावर एका ठिकाणी मुद्दाम थांबा आणि पुन्हा उचला. क्लच किती सोडल्यावर गाडी पकडते, मागे किती सरकते, ते पायाला कळेल. तिसऱ्यात काटा दोन हजाराच्या खाली जाऊ द्या, ॲक्सिलरेटर दाबून बघा, मग दुसरा टाकून तेच करा. दोन्हीतला फरक तुम्हाला पटला आणि त्या आवाजाचा कंटाळा आला नाही, तर गाडी तुमची. आला तर तेही उत्तरच आहे. काहींना असं गिअर बदलत चालवायला आवडत नाही, त्यात काही कमीपणा नाही, त्यांनी मोठं इंजिन घ्यावं. सेल्समन ‘मॅडम, एवढ्या लांब परवानगी नाही’ म्हणेल. मग दुसऱ्या शोरूमला जा, पुण्यात त्यांचा तोटा नाही.

खाली उतरल्यावर सासूबाईंना विचारा, गुडघे दुखले का. मुलीला विचारा, मागे एसी लागला का.

ऑटोमॅटिकचं विचारलंत. ट्रायबरची ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी: आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लच आणि गिअर मशीन टाकते. शहरात पाय वाचतो, यात शंका नाही, आणि धायरी-स्वारगेट रोज करायचं असेल तर मोह होणं साहजिक आहे. पण घाटात या मशीनला पुढचं वळण दिसत नाही. ती चढावर वरचा गिअर टाकते, गाडी दमते, मग खालचा टाकते, त्या मधल्या क्षणात ताकद तुटते. मोठ्या इंजिनाला असा क्षण माफ असतो. भरलेल्या ७२ हॉर्सपॉवरला नाही. मॅन्युअल मोडवर टाकून चालवता येते, पण मग ज्या कामासाठी जास्त पैसे दिले ते तुम्हीच करत बसणार. तुमचा गुडघा किंवा कंबर दुखत असेल तर एएमटी घ्या आणि घाटात मॅन्युअल मोड वापरा. तसं काही नसेल तर बारा-तेरा वर्षं वॅगन-आर चालवलेल्या पायाला पाच गिअर जड जाणार नाहीत.

वॅगन-आर एक्स्चेंजमध्ये देण्याआधी बाहेर दोन ठिकाणी भाव विचारा. शोरूमचा पहिला आकडा मान्य करू नका.